चाचणीचं पान

प्रिंटर सरळ बंद पडला असता, तर ठकीची एवढी चिडचिड झाली नसती. बंद पडलेली वस्तू निदान खरं बोलते. हा मात्र हॉलच्या कोपऱ्यात, अप्पांच्या खुर्चीला लागून असलेल्या तिपाईवर, हिरवा दिवा लावून गुणी मुलासारखा बसला होता. पोटात कागद होते, शाई होती, बटण दाबलं की नेहमीसारखा खाकरत होता. आणि आतल्या खोलीत लॅपटॉप छातीठोकपणे सांगत होता, की प्रिंटर ऑफलाइन आहे.

"अरे, भिंतीपलीकडे तर आहे तो!" ठकी लॅपटॉपवर खेकसली.

"कोणाशी भांडतेस गं सकाळी सकाळी?" बाहेरून अप्पांचा आवाज आला.

"प्रिंटरशी."

"काय म्हणतो?"

"तो बिचारा काहीच म्हणत नाही. हा लॅपटॉप म्हणतोय, की तो घरात नाहीच."

"मग गेला असेल पाय मोकळे करायला," अप्पा म्हणाले. "येईल."

एरवी ठकी हसली असती. पण कामावर जायला उशीर होत होता आणि अप्पांची पानं निघाली नव्हती.

तिचं खरं नाव बँकेत आणि दवाखान्यात तेवढं वापरात होतं. घरात आणि गल्लीत ती ठकीच. पंचेचाळिशी जवळ आली तरी ठकीच. पडद्यांच्या एका मोठ्या दुकानात ती कामाला होती. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, कापडाचे नमुने दाखवायचे, चुण्या किती आणि अस्तर कुठलं ते ठरवायचं. लग्न केलं नव्हतं; का, हे आता कोणी विचारतही नव्हतं. धाकटा भाऊ लांब दुसऱ्या देशात. आई गेल्यापासून घरात ती आणि अप्पा, दोघंच.

अप्पा घड्याळजी. दरवाजाएवढ्या रुंदीच्या दुकानात डोळ्याला भिंग अडकवून त्यांनी जन्म काढला होता. दुकान बंद केलं आणि वर्ष-दीड वर्षात डोळ्यांनी कुरकुर सुरू केली. दाराची सरळ चौकट वाकडी दिसायला लागली, अक्षरांच्या मधोमध धुरकट काहीतरी यायला लागलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, मधल्या भागाचा, वयाबरोबर येणारा. या प्रकाराला औषध नाही. कडेचं दिसत राहील. मधलं किती राहील ते सांगता येत नाही.

"पडद्याचा आहे ना?" अप्पा डॉक्टरांना म्हणाले, "मग काळजी नाही. पडद्यांतली माणूस आमच्या घरातच आहे."

डॉक्टर हसले, ठकीही हसली, आणि बाहेर जिन्यात पोचल्यावर चप्पल नीट करायच्या निमित्ताने मागे राहून तिने थोडं रडून घेतलं.

पेपर वाचता येईना तेव्हा तिने मोठं भिंग आणून दिलं. अप्पांनी ते परत तिच्या हातात ठेवलं. "आयुष्यभर भिंगातून बघितलं. आता पेपरसुद्धा भिंगातून?" मग तिनेच शक्कल काढली. सकाळी लवकर उठून इंटरनेटवरच्या बातम्या उचलायच्या, अक्षर मोठं करायचं आणि छापून अप्पांच्या हातात द्यायच्या. धाकट्याने मागच्या खेपेला आला तेव्हा हा प्रिंटर घेऊन दिला होता. तो असा कामी आला.

त्यात तिचा जीव रमला. बातम्या ती निवडून घ्यायची. एखादा सामना, एखादी गंमतजंमत, अप्पांना चिडायला मिळावं म्हणून थोडं राजकारण. आजारपणं आणि मरणं वगळायची. सुरुवातीला एका पानावर चार बातम्या मावायच्या. "थोडं मोठं कर गं," अप्पा म्हणाले, की ती करायची. मग दोनच मावायला लागल्या. मग एक. मग एकाच बातमीला दोन-तीन पानं लागायला लागली, एका ओळीत जेमतेम तीन शब्द. प्रिंटरमधून पान सरकत बाहेर आलं की खुर्चीतूनच हात लांबवून अप्पा ते उचलायचे. "अजून गरम आहे," असं म्हणत मांडीवर ठेवायचे. ठकी कामावर जायची आणि संध्याकाळी आली की अप्पा त्यावर मत द्यायचे. कोण खेळाडू उगाच डोक्यावर चढवून ठेवलाय, कोणता मंत्री कसा थापा मारतोय. दोघांची चांगली जुंपायची. दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांच्या हो ला हो म्हणून आलेल्या ठकीला ते भांडण हवं असायचं.

आता सगळंच अडलं. पहिल्या दिवशी तिने जे सगळे करतात ते केलं. प्रिंटर बंद करून चालू केला. लॅपटॉप बंद करून चालू केला. वायर काढून फुंकर मारून परत खोचली. छापायचा हुकूम पुन्हा पुन्हा दिला, तर तेवढी पानं लॅपटॉपच्या आत रांग लावून उभी राहिली आणि बाहेर एकही आलं नाही. शेवटी ती सगळी रांग रद्द करून ती कामावर पळाली.

दुकानात कॅशवर बसणारी बाई म्हणाली, "आमच्याकडे असं झालं की मी वरून एक थापटी मारते." ठकीने घरी येऊन थापटीही मारली. हिरवा दिवा जरा लुकलुकला आणि पुन्हा शांतपणे तेवत राहिला.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. बरंच संगीत ऐकवून झाल्यावर एका बाईने अत्यंत गोड आवाजात विचारलं, की प्रिंटर चालू आहे का. मग विचारलं, की कागद आहे का. मग म्हणाली, "एकदा बंद करून चालू करून बघता का?" ठकीने हात टेकले.

या सगळ्यात अप्पा मात्र शांत होते. तिला तेच जास्त लागलं. "असू दे गं," ते म्हणायचे, "एक-दोन दिवस जगाचं काही कळलं नाही तर बिघडत नाही." ती कामावर निघताना ते खुर्चीत रिकामे हात मांडीवर ठेवून बसलेले दिसायचे. तिच्यावर ओझं पडू नये म्हणून बोलत नाहीत, असं तिने धरलं. येताना ती रेडिओचे सेल घेऊन आली; हल्ली ते फार लवकर संपायचे.

सुट्टीच्या दिवशी सकाळी धाकट्याचा फोन आला. त्याला ती छोट्या म्हणायची. छोट्याच्या दाढीत आता काळ्यापेक्षा पांढरे केस जास्त होते, पण नाव काही मोठं झालं नव्हतं.

"ताई, आवाज का असा? अप्पा बरे आहेत ना?"

"अप्पा बरे आहेत. प्रिंटर बरा नाही." तिने सगळी कर्मकहाणी सांगितली.

"मग मला आधी नाही का सांगायचं? लॅपटॉप उघड. मी इथून बघतो."

त्याने सांगितलं तसं तिने केलं, पडद्यावर आलेला नंबर त्याला वाचून दाखवला. "आता हात काढ," तो म्हणाला. तिने हात काढला, आणि लॅपटॉपवरचा बाण आपोआप सरकायला लागला. ठकी बघत राहिली. इकडचं उघडत होता, तिकडचं मिटत होता, एखादं कपाट न विचारता उघडावं तसं. लहानपणीही हा असाच तिच्या दप्तरात हात घालायचा. कितीतरी दिवसांनी छोट्या घरात वावरतोय असं तिला वाटलं, आणि प्रिंटर लगेच सापडू नये असंही वाटून गेलं.

"ताई, तुमच्याकडे इंटरनेटचा डबा बदलला का?"

"हो. मागच्या आठवड्यात माणूस आला होता. जुना काळा घेऊन गेला, नवा पांढरा बसवून गेला."

"आणि हे तू आत्ता सांगतेस!"

"तू विचारलंस आत्ता! आणि लॅपटॉपला त्याने जोडून दिला की तो डबा, बाकी सगळं चालतंय."

"लॅपटॉप जोडला, पण प्रिंटरला कोणी सांगितलंच नाही ना. तो अजून जुन्या डब्यालाच हाका मारत बसलाय. तो डबा आता या घरात नाही, हे त्याला माहीतच नाही. म्हणून तुझ्या लॅपटॉपला तो दिसत नाही. जा, त्याच्यावर नवं नाव आणि पासवर्ड घाल."

ठकी पांढऱ्या डब्याचा फोटो फोनमध्ये काढून हॉलमध्ये आली आणि प्रिंटरपुढे गुडघे टेकून बसली. बोटभर पडदा, त्याखाली बाणांची बटणं. एकेका अक्षरासाठी अख्खी बाराखडी पालथी घालायची. दोनदा चुकलं. तो शेवटचा शून्य होता की अक्षर होतं ते तिला कळेना.

"अप्पा, हे बघा हो. हा शून्य आहे का?" तिने फोन त्यांच्यापुढे धरला.

"ते फार बारीक आहे गं, माझ्या आवाक्यातलं नाही," अप्पा म्हणाले. "शून्य घालून बघ. बहुतेक गोष्टींच्या शेवटी शून्यच असतं."

शून्यच होतं. पडद्यावर 'जोडले गेले' अशी अक्षरं आली. ठकी आनंदाने आत पळाली. छोट्याने लॅपटॉपमधलं प्रिंटरचं जुनं नाव काढून टाकलं, नवं घातलं, आणि तिला म्हणाला, "आता इथून चाचणीचं पान पाठवतो. बाहेर येतंय का ऐक."

भिंतीपलीकडे प्रिंटर खाकरला, घरघरला, आणि कागद सरकल्याचा तो ओळखीचा आवाज आला.

"आलं! छोट्या, आलं!"

"बघ. उगाच आठवडा घालवलास." बाण अजून तिच्या लॅपटॉपवर उभा होता. "अप्पांना सांग, मी दुरुस्त केला म्हणून. आणि डोळे कसे आहेत त्यांचे? डॉक्टरकडे कधी गेला होतात?"

"ते येतच नाहीत रे. म्हणतात, तिथे बसून कंबर मोडते आणि डॉक्टर तेच सांगतो. पण वाचतात, मी दिलेलं सगळं वाचतात."

आणखी इकडचं तिकडचं बोलून तिने फोन ठेवला. बाण नाहीसा झाला. प्रिंटरवरून हात फिरवायचा म्हणून ती हॉलमध्ये आली, पण दारातच थांबली.

अप्पांनी पान उचललं होतं. नेहमीसारखं दोन्ही हातांनी धरून, मान किंचित कलती करून ते त्याच्याकडे बघत होते. डोकं सावकाश डावीकडून उजवीकडे जात होतं, ओळीमागून ओळ. मध्येच त्यांनी हुंकार भरला.

"झाला वाटतं दुरुस्त," तिची चाहूल लागून ते म्हणाले. "बरं झालं. चुकल्या-चुकल्यासारखं होत होतं."

"हो," ठकी म्हणाली.

"हा पूल कोसळल्याचं वाचलं. मी तुला सांगत होतो की नाही, त्या ठेकेदाराला आधी आत टाकायला हवं."

ठकीने पानाकडे पाहिलं. वर कंपनीचं चिन्ह होतं. खाली निळ्या, लाल, पिवळ्या आणि काळ्या रंगाचे पट्टे होते, आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत प्रिंटरची माहिती. पूल कुठेच नव्हता. पुलाची बातमी सकाळी रेडिओवर होती. दात घासताना तिनेही ऐकली होती.

"आज रंगीत चित्र पण दिलंस," अप्पा म्हणाले. "छान आहे. अक्षर जरा बारीक आलंय, पण चालेल."

"उद्या मोठं करते," ठकी म्हणाली. ती स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला घेतली.

दिवसभर तिने कोणाला काही सांगितलं नाही. स्वतःलाही नाही. कदाचित पानाच्या खाली दुसरं पान असेल, असं मनाशी म्हणून बघितलं. दुसरं पान नव्हतं. कदाचित थट्टा करत असतील, असंही म्हणून बघितलं. अप्पा थट्टेखोर होतेच. पण ती हळूहळू फिरणारी मान तिच्या डोळ्यांपुढून जाईना. थट्टा करणारा माणूस कोणी बघत नसताना मान फिरवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बातम्या उघडल्याच नाहीत. लॅपटॉपवर असेल नसेल तेवढं अक्षर मोठं केलं आणि एकच वाक्य लिहिलं: अप्पा, हे वाचता आलं तर मला हाक मारा. एका ओळीवर एक शब्द, जाड, काळाकुट्ट. मग छापायचं बटण दाबलं. प्रिंटरने एका झटक्यात काम केलं.

ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. तिथून खुर्चीची पाठ दिसायची. अप्पांचा हात लांब गेला, पान उचललं, "अजून गरम आहे," असं ते नेहमीसारखं म्हणाले. मग मान फिरायला लागली. डावीकडून उजवीकडे. ठकी हाकेची वाट बघत होती. बाहेर कोणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"चांगलं आहे आजचं," अप्पा म्हणाले. त्यांनी पानाची नीट घडी घातली. "बाकीचं दुपारी सावकाश वाचतो. तू नीघ, तुला उशीर होईल."

ती निघाली. काय करणार?

त्या दिवशी तिला एका नव्या घरात मापं घ्यायची होती. नुकताच संसार मांडलेली बाई होती, रात्रपाळीची नोकरी असलेली. तिला झोपायच्या खोलीत असे पडदे हवे होते, की भर दुपारी आत उजेडाचा कणही येऊ नये. "एकदम काळोख व्हायला हवा बघा," ती म्हणाली. "मिळेल ना तसं कापड?" हे कापड खपवताना ठकीची जीभ एरवी कात्रीसारखी चालायची. आज मापाची पट्टी हातातून सुटून सळसळत डबीत गेली आणि तिला एवढंच म्हणता आलं, "मिळतं. पण एक फट ठेवा. कुठेतरी एक फट असू दे." त्या बाईने तिला पाणी आणून दिलं.

ती दुकानात परत गेलीच नाही. बरं वाटत नाही असं फोनवर सांगून घरी आली. किल्लीने दार उघडलं तेव्हा आत रेडिओ बोलत होता. बातम्याच चालल्या होत्या. दार वाजताच अप्पांनी घाईघाईने चाचपून बटण फिरवलं.

"कोण? ठकी? एवढ्या लवकर?"

ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसली.

"अप्पा, सकाळच्या पानावर काय होतं?"

"काय म्हणजे? तेच आपलं. भाव वाढले, अमकं तमकं."

"आणि काल?"

"काल पुलाचं नव्हतं का? असं काय करतेस?"

"काल चाचणीचं पान होतं, अप्पा. प्रिंटर चालतो की नाही ते बघायचं. त्यावर नुसते रंगाचे पट्टे होते."

 अप्पांनी बोटांनी खुर्चीच्या हाताची कड धरली.

"आणि सकाळी मी लिहिलं होतं, की हे वाचता आलं तर मला हाक मारा."

"म्हणजे माझी परीक्षा घेतलीस," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम चढला. "बापाची परीक्षा घेतेस? लाज नाही वाटत? सरळ विचारायचं होतंस!"

"विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं?"

 अप्पांचे रागाने ताठ झालेले खांदे हळूहळू खाली आले.

"नसतं सांगितलं," ते म्हणाले.

ठकीने स्टूल जरा पुढे ओढलं.

"एका पानावर एक बातमी द्यायला लागलीस ना तू, त्याच्याही आधीच संपलं होतं ते. नुसता काळा डाग. कडेने कागद दिसतो, पांढरा. मध्ये काही नाही."

"पण मग मोठं कर, मोठं कर म्हणायचात..."

"तेवढं म्हटलं की तू खूष व्हायचीस. काहीतरी उपाय आहे असं तुला वाटायचं. माझ्याकडे तुला द्यायला दुसरं काय होतं?"

ठकीला हुंदका आला, तो तिने गिळला. अप्पांना तो दिसला नसणार, पण ऐकू आला. ते चाचपडत बोलायला लागले, तुटक, जसं आठवेल तसं. रेडिओ तू गेल्यावर लावायचो. बातम्या नीट ध्यानात ठेवायचो. तू त्यातल्या कुठल्या दिल्या असशील याचा अंदाज बांधायचो, आणि पुष्कळदा बरोबर यायचा, कारण तू मरणाच्या बातम्या गाळतेस हे मला ठाऊक होतं. दिसत नाही असं एकदा तोंडाने म्हटलं की मग माणसाला लोक एका जागी बसवून ठेवतात. गॅसला हात लावू नका, जिना उतरू नका. छोट्याला कळलं असतं तर त्याने मला तिकडे नेलं असतं, नाहीतर तुला नोकरी सोडायला लावली असती.

"आणि ते पान हातात असलं," ते म्हणाले, "की बरं वाटायचं गं. वाचणाऱ्या माणसासारखं."

 मग ठकीने विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून निघालंच.

"माझा चेहरा दिसतो?"

"नाही."

"कधीपासून?"

"चेहरे आधी गेले," अप्पा म्हणाले. "अक्षरं मोठी करता येतात. चेहरा कसा मोठा करणार?"

ठकी स्टुलावरून उठली आणि त्यांच्या पायाशी फरशीवर बसली. त्यांच्या गुडघ्यावर तिने डोकं टेकलं. अप्पांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. जिथे खांदा असेल असं वाटलं तिथे पर्सचा पट्टा होता, मग हात सरकवत खांदा सापडला.

त्या आठवड्यात ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी तक्ता दाखवला, अप्पांनी सगळ्यात वरचं अक्षरसुद्धा ओळखलं नाही, ओळखायचं सोंगही केलं नाही. पूर्वी आला असतात तरी फार फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. ठकीच्या मनातली बोच काही त्याने गेली नाही. छोट्याला तिने फोनवर सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "मीच पाठवलं होतं गं ते पान." जणू सगळं त्या पानानेच केलं होतं. सुट्टी मिळेल तेव्हा येतो म्हणाला, आणि तोवर एक बोलणारं यंत्र पाठवून दिलं. कागद त्याच्यापुढे धरला की ते वाचून दाखवायचं. अप्पांनी दोन दिवस ऐकलं. "याला म्हणावं, मध्ये श्वास घे," ते म्हणाले, आणि पुन्हा रेडिओकडे वळले. ठकीने स्वतः वाचून दाखवायला सुरुवात केली तर तेही त्यांना रुचेना. "तू वाचलंस की तुझं मत झालेलं असतं. मग भांडायचं कशावर?"

म्हणून ते राहूनच गेलं. प्रिंटर आता अगदी बिनतक्रार चालत होता, पण त्यावर छापायला काही नव्हतं. ठकीला जाग मात्र ठरल्या वेळीच यायची. लॅपटॉप उघडायचा नाही हे आठवलं, की ती अंथरुणात छताकडे बघत पडून राहायची. संध्याकाळी घरी आल्यावर अप्पा विचारायचे, "आज काय म्हणतायत लोक?" आणि ती म्हणायची, "काही विशेष नाही." भांडणाला जोर चढत नव्हता. दोघंही एकमेकांशी फार जपून बोलायला लागली होती, आणि ते दोघांनाही खुपत होतं.

पुढच्या एका सुट्टीला ती चहाचे दोन कप घेऊन हॉलमध्ये आली आणि त्यांच्यासमोर बसायला गेली.

"समोर नको," अप्पा म्हणाले. "इकडे ये. डावीकडे. अजून थोडी मागे. हां, तिथे."

ते सांगतील तशी ती सरकली. अप्पा समोरच्या कोऱ्या भिंतीकडे तोंड करून बसले. तिच्याकडे त्यांनी मुळीच पाहिलं नाही.

"आता दिसतेस," ते म्हणाले. "तोंड नाही, पण आकार दिसतो. निळं काहीतरी घातलंयस."

"हिरवं आहे."

"असेल. हलू नकोस."

ती हलली नाही. चहावर साय धरायला लागली. भिंतीकडे बघत अप्पांनी बऱ्याच वेळाने विचारलं, "केस पांढरे झाले का गं तुझे?"

ठकीने हाताने बट मागे सारली. गेली दोन-तीन वर्षं ती केस रंगवत नव्हती. कोणासाठी रंगवायचे, म्हणून. मोठा झुबका पांढरा झाला होता.

"थोडे झालेत," ती म्हणाली.

"कुठे?"

"कानाशी."

"तुझ्या आईचे पण कानापासूनच सुरू झाले होते." अप्पा म्हणाले. "माझ्या डोळ्यांपुढे तू आहेस ती काळ्या केसांचीच आहेस. ती पिवळी ओढणी घेतलेली, दारात उभी. बहुतेक शेवटचं नीट बघितलं ते तेव्हाच. तेव्हा ठाऊक असतं, तर जरा जास्त वेळ बघितलं असतं."

"पिवळी ओढणी फाटली केव्हाच," ठकी म्हणाली.

"फाटू दे."

मग हात लांबवून त्यांनी कप कुठे आहे ते विचारलं, आणि तिने तो त्यांच्या हातात दिला. दोघांनी चहा घेतला. तो गार झाला होता, पण कोणी तसं म्हटलं नाही.